दुरुस्तीच्या काउंटरवरचा गुप्तहेर

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोज टाकणे, रॅम वाढवणे, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद सोडवणे, चहा सांडलेला लॅपटॉप उघडून पुसणे, असली सगळी कामं. ‘चक’ नावाच्या अमेरिकन मालिकेच्या डीव्हीडी मावसभावाने आणून दिल्या तेव्हा तो एवढंच म्हणाला, “बघ भावा, ह्यातला हिरो तुझ्याच धंद्यातला हाय.” तो तिकडंच नोकरीला असतो. मालिका २४ सप्टेंबर २००७ ला एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि २७ जानेवारी २०१२ ला संपली. पाच सीझन, ९१ भाग. माझ्या हातात आली ती सगळं संपून काही वर्षं गेल्यावर. आमच्या गल्लीत तर सोडाच, माझ्या ओळखीतही कुणी तिचं नाव ऐकलेलं नव्हतं.

शिवाजी पेठेत वाढलेल्या पोराला गुप्तहेर म्हटलं की बहिर्जी नाईकच आठवणार. शिवजयंतीला पेठेतलं कुणीतरी फकिराच्या नाहीतर वासुदेवाच्या वेषात बहिर्जी व्हायचं आणि आम्ही पोरं त्याच्यामागून चालायचो. हेर हा आमच्याकडं आदराचा विषय. त्यामुळे हेरगिरीवर विनोदी मालिका ही कल्पना मला फारशी पटली नव्हती. आईला मात्र लगेच पटली. तिने १९८५ साली दूरदर्शनवर ‘करमचंद’ बघितलेला. गाजर खात खात गुन्हे उलगडणारा पंकज कपूर आणि त्याची ती किटी तिला अजून आठवतात. करमचंद हेर नव्हता, खासगी डिटेक्टिव्ह होता. पण हुशार माणूस हसवतो तेव्हा त्याची हुशारी जास्त लक्षात राहते, हे आईचं मत तेव्हापासूनचं.

डिस्क घरच्या प्लेअरला लागेनात. अमेरिकेतल्या डीव्हीडी विभाग एकच्या असतात, आपण विभाग पाचमध्ये. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला विभाग बदलता येतो, पण मोजून पाच वेळा. पाचव्यांदा जो लावाल तो कायमचा बसतो. भंगारात काढलेल्या एका मशीनचा ड्राइव्ह चांगला होता. तो मी विभाग एकवर लावला आणि या मालिकेसाठी वेगळा ठेवला. तो अजून चालतोय.

गोष्ट अशी आहे. चक बार्टोव्स्की हा बरबँकमधल्या ‘बाय मोअर’ नावाच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानात दुरुस्तीच्या काउंटरवर बसतो. त्या विभागाचं नाव ‘नर्ड हर्ड’. पांढरा हाफ शर्ट, टाय, खिशाला ओळखपत्र. स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होता, तिथून काढून टाकलं गेलं, आणि तेव्हापासून तो बहिणीच्या घरी राहतोय. वाढदिवसाच्या रात्री त्याला कॉलेजच्या रूममेटचा, ब्राइस लार्किनचा, ईमेल येतो. त्यात ‘झोर्क’ या जुन्या, नुसत्या अक्षरांवर चालणाऱ्या कॉम्प्युटर गेममधलं एक कोडं असतं. चक ते सोडवतो आणि पडद्यावर रात्रभर हजारो चित्रं पळत राहतात. त्या चित्रांत सीआयए आणि एनएसए या अमेरिकेच्या दोन गुप्तचर संस्थांची सगळी गुपितं भरलेली असतात. सरकारचा मूळ कॉम्प्युटर ब्राइसने उडवून दिलेला, चकचा स्वतःचा कॉम्प्युटर झटापटीत फुटतो, आणि देशाच्या गुपितांची एकमेव प्रत उरते ती ह्या काउंटरवरच्या पोराच्या डोक्यात. मग सीआयएची सेरा वॉकर आणि एनएसएचा जॉन केसी त्याच्या राखणीला येतात. केसी त्याच दुकानात विक्रेता होतो, सेरा समोरच्या हॉटडॉगच्या दुकानात नोकरी धरते आणि जगासमोर चकची मैत्रीण म्हणून वावरते.

इथवर कल्पना गमतीची आहे, पण नुसत्या कल्पनेवर मी ९१ भाग बघितले नसते. मला धरून ठेवलं ते पहिल्याच भागातल्या एका छोट्या प्रसंगाने. एक बाप धावत पळत काउंटरवर येतो. मुलीच्या बॅले नृत्याचं त्याने चित्रीकरण केलंय, पण कॅमेऱ्यात टेपच नव्हती. घरी गेल्यावर बायकोला काय सांगायचं? समोर सेरा उभी आहे, एवढी देखणी बाई चकशी बोलायला थांबलीय, आणि चक तिला तसंच सोडून त्या बापाकडं वळतो. मुलगी तिथंच आहे, नाचाच्या कपड्यात. चक दुकानातल्या सगळ्या टीव्हींच्या भिंतीसमोर जागा करतो, टेप घालतो आणि म्हणतो, इथं नाच. मुलगी सांगते, मला नेहमी मागच्या रांगेत उभं करतात, कारण मी उंच आहे. चक तिला धीर देतो, खऱ्या बॅलेरिना उंचच असतात. आणि ती नाचते. सेरा लांबून हे सगळं बघत राहते.

ज्याने दुरुस्तीच्या काउंटरवर दिवस काढलेत त्याला हा प्रसंग वेगळा दिसतो. आमच्याकडं येणारा माणूस मशीन घेऊन येतो, पण त्याचं दुखणं मशीनचं नसतं. परवा दहावीचा फॉर्म भरायचाय, मुलाचा आवाज त्यात साठवलाय, जीएसटीची शेवटची तारीख आहे, असलं काहीतरी असतं. ते ओळखायचं आणि त्याच्यापुढं मशीनच्या नावाने बोटं मोडायची नाहीत, ही आमच्या धंद्यातली खरी कसोटी. लिहिणाऱ्यांना ती ठाऊक होती. जॉश श्वार्ट्झ आणि ख्रिस फेडॅक हे मालिकेचे दोन कर्ते. सेराचा चकवर विश्वास बसतो तो ह्या प्रसंगात, गोळीबारात नव्हे, हे त्यांनी पहिल्या भागातच ठरवून टाकलं.

त्याच भागाच्या शेवटी एका लॅपटॉपला जोडलेला बॉम्ब असतो. वेळ जवळ जवळ संपलेली. चकच्या लक्षात येतं, की हेच मॉडेल आपल्या दुकानात विकतात आणि एका संकेतस्थळावरून येणारा एक व्हायरस त्याला हमखास बंद पाडतो. तो ते संकेतस्थळ उघडतो, लॅपटॉप गचकतो, बॉम्ब थांबतो. दुकानात कामाला असलेलं पोरगं माझ्या शेजारी बसून बघत होतं. ते टाळ्या वाजवत उठलं. “दादा, फॉरमॅट मारणाऱ्यानं देश वाचवला की!” त्या रात्री आम्ही शटर बरंच उशिरा ओढलं.

पहिला सीझन फक्त १३ भागांचा आहे, कारण २००७-०८ मध्ये हॉलिवूडच्या लेखकांचा संप झाला आणि बऱ्याच मालिकांचं काम थांबलं. तो आम्ही भराभर संपवला. त्यात काही भाग साधारण आहेत, ते मी लपवत नाही. आठवड्याचा खलनायक येतो, चकच्या डोक्यात एकदम माहिती चमकते, पळापळ होते, प्रश्न मिटतो. पण तेवढ्यात बाय मोअरमधली माणसं घर करून बसतात. मॉर्गन हा चकचा लहानपणापासूनचा जिवाभावाचा मित्र, मॅनेजर बिग माइक, आणि जेफ व लेस्टर ही जोडी. लेस्टर पटेलचं काम करणारा विक सहाय हा भारतीय वंशाचा कॅनेडियन नट. अमेरिकन मालिकेत भारतीय दिसला की त्याच्या उच्चारावर हशा काढायचा, अशी पद्धत मी खूप बघितलीय. लेस्टर हसवतो तो त्याच्या स्वतःच्या लबाड आणि हट्टी स्वभावामुळे, आणि जेफबरोबर काढलेल्या ‘जेफस्टर’ या बँडमुळे. हे मला मनापासून आवडलं.

आईला इंग्रजी समजत नाही. मी शेजारी बसून मराठीत सांगत जायचो. केसीसाठी मात्र तिला माझी गरज लागायची नाही. अॅडम बाल्डविनने उभा केलेला हा माणूस निम्मं बोलणं घशातल्या घशात घुरघुरून करतो. रागाची घुरघुर वेगळी, नाइलाजाची वेगळी, आणि क्वचित समाधानाचीही एक असते. घरात रोनाल्ड रेगनचा फोटो, खिडकीत बोन्साय. आई पहिल्या दोन-तीन भागांतच म्हणाली, “हा तर तालमीतला वस्ताद. पोराला शिव्या घालणार, पण कुणी हात लावला तर आडवा येणार.” पुढच्या चार सीझनमध्ये केसी जे काही करतो ते ह्याच वाक्यात बसतं.

आक्का यात आली ती भाऊबीजेला. तिला इचलकरंजीला दिलीय. सणाला आली, ओवाळून झालं, आणि आईने हौसेने एक डिस्क लावायला सांगितली. आक्काला हेरगिरी, बंदुका यांत काडीचा रस नाही. पण चकची बहीण एली दिसली आणि ती खुर्ची पुढं ओढून बसली. एली डॉक्टर आहे. आई सोडून गेली, पुढं वडीलही निघून गेले, आणि हिने भावाला वाढवलं. त्याच्या वाढदिवसाची पार्टी तीच करते, त्याला पोरी दाखवते, काउंटरवर अडकून पडू नकोस म्हणून मागं लागते. आणि चक तिला काहीही सांगू शकत नाही. तिच्या सुरक्षेसाठीच सांगू शकत नाही. “सख्ख्या बहिणीला सांगत न्हाई म्हंजे काय रं!” आक्का इतकी चिडली, की मला वाटलं मीच काही लपवलंय. दुसऱ्या दिवशी जायचं होतं, ती आणखी मुक्काम करून गेली. नंतर दर सुट्टीला ती यायची तेव्हा पुढचे भाग तिच्यासाठी राखून ठेवावे लागायचे. वडील परत येतात तो दुसऱ्या सीझनमधला टप्पा तिने पदर डोळ्यांना लावून बघितला. स्कॉट बाकुलाने ते काम फार हळुवार केलंय.

मालिकेचं मर्म मला ह्याच जागी सापडलं. ही गुपित सांभाळण्याची गोष्ट आहे आणि गुपित सांभाळणं हे दमवणारं काम आहे. विनोद त्या दमण्यातूनच येतो. बॉम्ब निकामी करून आलेल्या पोराला घरी येऊन जेवायला उशीर का झाला याचं उत्तर द्यायचं असतं.

मला हे नीट कळलं ते २०१९ च्या महापुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागं टाकली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, शाहूपुरीच्या गल्ल्यांत पाणी शिरलं. माझं दुकान थोडक्यात वाचलं. पाणी उतरल्यावर लोक चिखलाने माखलेले सीपीयू, लॅपटॉप, हार्ड डिस्क पोत्यांतून घेऊन आले. ओली हार्ड डिस्क जोडून बघायची नाही, उन्हात टाकायची नाही, हे प्रत्येकाला सांगत होतो. बोर्ड आयपीएने, म्हणजे पुसायच्या अल्कोहोलने, साफ करून, जमेल तिथं बोर्ड बदलून, जेवढा डेटा निघेल तेवढा काढत होतो. आत पाणी शिरलेल्या डिस्क पुण्याला लॅबमध्ये पाठवाव्या लागल्या.

त्या दिवसांत अर्ध्या शहराचं आयुष्य माझ्या टेबलावर होतं. डेटा निघाला की नाही हे तपासायला फाइल उघडावीच लागते. कुणाच्या कर्जाचे कागद, कुणाची नोटीस, आजारपणाचे रिपोर्ट, कुणाला न दाखवलेल्या कविता. ज्यांच्याबरोबर मी रोज चहा घेतो त्या माणसांच्या घरातलं मला माहीत झालं आणि ते मला माहीत नाही असं वागायचं होतं. मिसळच्या दुकानात त्यातला कुणी भेटला की “काय, पाऊस काय म्हणतोय?” एवढंच. रात्री दमून घरी आलो की मी ‘चक’चा एखादा बघितलेला भाग पुन्हा लावायचो. तेव्हा तो पोरगा काउंटरवर चेहरा साधा ठेवून उभा असतो ना, त्या चेहऱ्यातलं मला सगळं कळायचं. झॅकरी लेव्हायच्या अभिनयाचं कौतुक मी आधीही करत होतो, पण तो काय करतोय हे मला त्या महिन्यात उमगलं. मालिकेचा मी चाहता झालो तो खऱ्या अर्थाने तेव्हा.

मग तिच्याविषयी मिळेल ते वाचायला लागलो, आणि २००९ ची गोष्ट समजली. दुसऱ्या सीझनअखेर मालिका बंद पडायच्या बेतात होती. तेव्हा अमेरिकेत प्रेक्षकसंख्या मोजायचे ती निवडक घरांवरून. तुमच्या घरी तो मोजणीचा संच नसेल तर तुम्ही मालिका बघता की नाही याने आकड्यात काही फरक पडायचा नाही. म्हणजे चाहत्यांनी कितीही आवडीने बघितलं तरी उपयोग शून्य. त्यांनी वेगळी वाट काढली. मालिकेत ‘सबवे’च्या सँडविचची जाहिरात असायची. २७ एप्रिल २००९ ला सीझनचा शेवटचा भाग होता. त्या दिवशी चाहत्यांनी ठिकठिकाणी सबवेमध्ये जाऊन फूटभर लांबीचं सँडविच विकत घ्यायचं आणि आम्ही ‘चक’साठी आलोय असं कळवायचं ठरवलं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला तर स्वतः झॅकरी लेव्हाय शेकडो चाहत्यांना घेऊन दुकानात गेला आणि काउंटरमागं उभा राहून सँडविच बनवायला लागला. सबवेने प्रायोजकत्व वाढवलं आणि तिसरा सीझन मंजूर झाला.

कोल्हापूरच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी मंडळ अशी फुटबॉलची मॅच असली की पेठाच्या पेठा लोटतात. कामधंदा आटोपून, कुणी अर्धवट सोडून, माणसं जातात. आपला संघ म्हणजे आपण, असं इथं धरून चालतात. पण ह्या चाहत्यांनी केलेलं मला त्याहून पुढचं वाटतं. त्यांना ना पेठ एक, ना गाव एक. एकमेकांची तोंडं न बघितलेली माणसं. पैसा कुठून येतो हे त्यांनी ओळखलं, आणि भीक न मागता, भांडण न करता, पैसे देणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं. हे वाचून झाल्यावर मी दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग परत बघितला. एलीचं लग्न, जेफस्टरचं गाणं, आणि शेवटी चकच्या डोक्यात नवीन यंत्रणा उतरते व त्याला स्वतःलाच न कळता कुंग फू यायला लागतं. हाच भाग मालिकेचा शेवट ठरू शकला असता.

तिसऱ्या सीझनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नवीन बघणारे तिथं अडखळतात. डॅनियल शॉ नावाचा एजंट येतो, चक-सेरा यांच्यातली ओढाताण ताणून ताणून लांबते, हसू कमी होतं. आईने तेव्हा विणकाम काढलं होतं. तिथं सोडू नका. आधी १३ च भाग मंजूर झाले होते आणि तेराव्याला शेवट होईल असं धरून गोष्ट रचली होती. वरचे ६ भाग नंतर मिळाले. हे लक्षात ठेवून बघितलं की तेरावा भाग एवढा भरून का पावतो ते कळतं, आणि त्यानंतरचे भाग मोकळे, आनंदी का आहेत तेही. चौथ्या सीझनमध्ये चकची आई सापडते. लिंडा हॅमिल्टन. आणि एकेकाळी जेम्स बाँड झालेला टिमोथी डाल्टन खलनायक होऊन येतो, तो तर मेजवानीच आहे.

‘चक’ संपल्यावर ह्या प्रकाराचं मूळ शोधत मी १९६५ च्या ‘गेट स्मार्ट’पर्यंत गेलो. मेल ब्रूक्स आणि बक हेन्री यांनी रचलेली, १३८ भागांची मालिका. तिच्यातला एजंट ८६ बुटात बसवलेल्या फोनवर बोलतो, आणि गुप्त बोलणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून डोक्यावर उतरवलेल्या काचेच्या घुमटात आतल्यांनाच एकमेकांचं ऐकू येत नाही. मला ती आवडली. पण तिथं हसू हेरखात्याच्या बावळटपणावर आहे. ‘चक’मध्ये सेरा आणि केसी आपल्या कामात अव्वल आहेत, धोका खरा आहे, आणि हसू येतं ते त्या धोक्याशेजारी घर चालू राहिल्यामुळं. मला हा दुसरा मार्ग जास्त जवळचा.

आता शेवट. ज्यांना बघायचीय त्यांनी इथं थांबावं. शेवटच्या भागांत सेराची चकबरोबरची सगळी वर्षं तिच्या आठवणीतून पुसली जातात. लग्न झालेलं, घर घ्यायचं ठरलेलं, आणि ती त्याला ओळखत नाही. समुद्रकिनाऱ्यावर ती एकटी बसलेली असते, चक तिथं जातो. पहिल्या भागाच्या अखेरीला अशाच किनाऱ्यावर तिने त्याला माझ्यावर विश्वास ठेव म्हणून सांगितलेलं असतं. आता तो तिला विश्वास ठेवायला सांगतो आणि त्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागतो. ती ऐकते, हसते, रडते. मग म्हणते, मला किस कर. एवढ्यावर मालिका संपते. आठवण परत आली का, ते दाखवलेलं नाही.

आक्का ठाम आहे, की सगळं आठवलं. “तिचं तोंड बघ की नीट. आठवल्याशिवाय बाई तसं बघत न्हाई.” माझं मत वेगळं. मला वाटतं तिला आठवलेलं नाही आणि त्याने काही बिघडत नाही, कारण पहिल्या भागात टीव्हीच्या भिंतीसमोर त्या मुलीला नाचवताना तिने ज्या माणसाला बघितलं होतं तोच तिच्या शेजारी बसलाय; ती त्याला पुन्हा नव्याने निवडतेय. आक्का म्हणते, हे पुरुषाचं मत झालं. आई कुणाच्याच बाजूने बोलत नाही, तिला केसीचं पुढं काय झालं तेवढं कळलं पाहिजे. दर सणाला हा वाद नव्याने निघतो. दुकानातलं पोरगं अजून चौथ्या सीझनवर आहे, म्हणून त्याच्यासमोर आम्ही हा विषय काढत नाही.